टाकेप्रमाण, स्वेटरच्या विणकामातील

हातविणकामात ठरावीक अंतरात जितके टाके व जितक्या ओळी बसतात, त्या संख्येस टाकेप्रमाण किंवा गेज असे म्हणतात. ते सामान्यतः १० सेंमी. अंतरासाठी सांगतात, उदा., १० सेंमी.मध्ये २२ टाके व ३० ओळी. विणकामयंत्राच्या संदर्भात याच शब्दाने यंत्रावरील सुयांची दाटी दर्शविली जाते. हातविणकामात टाक्याचे आकारमान धाग्याची जाडी, सुईची जाडी आणि विणणाऱ्याचा हात या तिहींवर अवलंबून असते. पहिल्या दोहोंचा उल्लेख छापील कृतीत असतो. तिसरी गोष्ट कृतीत लिहिता येत नाही आणि स्वेटरचे माप चुकण्याचे कारण बहुधा तीच असते.

शिवणकामात तयार कापडावर माप टाकून ते कापतात. विणकामात कापड व कपडा एकदमच तयार होत असल्याने टाके घालतानाच रुंदी ठरून जाते. इच्छित घेरास टाकेप्रमाणाने गुणले असता टाक्यांची संख्या मिळते. १०० सेंमी. घेराच्या स्वेटरला वरील प्रमाणाने २२० टाके लागतात. विणणाऱ्याचा हात घट्ट असून १० सेंमी.मध्ये २४ टाके बसत असतील, तर त्याच २२० टाक्यांचा घेर सु. ९२ सेंमी. भरतो, हात सैल असून २० टाके बसत असतील, तर तो ११० सेंमी. होतो. १० सेंमी.मधील दोन टाक्यांचा फरक नजरेला सहसा जाणवत नाही, पण तयार स्वेटर त्यामुळे अंगात शिरेनासा होतो किंवा दुसऱ्याच कोणाच्या तरी मापाचा होऊन बसतो. म्हणूनच मोजताना अर्धा टाकादेखील सोडीत नाहीत.

टाकेप्रमाण काढण्यासाठी निवडलेल्या लोकरीचा व सुयांचा सु. १५ सेंमी. लांबीरुंदीचा तुकडा विणतात. कडेचे टाके वेडेवाकडे असल्याने मोजणी मधल्या भागात करतात. तत्पूर्वी तुकडा धुऊन, न ताणता, सपाट वाळविणे आवश्यक असते; कारण धुतल्यावर टाके आपापल्या जागी बसतात आणि सुईवरून नुकत्याच उतरलेल्या विणीचे माप फसवे ठरते. टाके अपेक्षेपेक्षा अधिक भरल्यास जाड सुई, कमी भरल्यास बारीक सुई घेऊन पुन्हा तुकडा विणतात. हात मुद्दाम सैल वा घट्ट ठेवून प्रमाण जुळविण्याचा प्रयत्न व्यर्थ असतो. चार ओळींनंतर हात मूळ सवयीवर येतो. तुकडा स्वेटरच्याच नक्षीत विणावा लागतो. वेणीच्या नक्षीने वीण आकसते, जाळीच्या नक्षीने ती पसरते, तर सर्व ओळी सुलट विणल्यास ओळी एकमेकींवर दाटतात. एकाच स्वेटरची पाठ एकीने व पुढचा भाग दुसरीने विणण्याची घरगुती रीत वेळ वाचविणारी असली, तरी दोघींचे हात सारखे नसल्यास दोन्ही भाग शिवताना जुळत नाहीत.

सुयांच्या क्रमांकांनीही घोटाळा होतो. भारतात रुळलेले क्रमांक जुन्या ब्रिटिश पद्धतीचे असून त्यांत क्रमांक वाढेल तशी सुई बारीक होते : ८ क्रमांकाची सुई ४ मिमी., तर १० क्रमांकाची ३.२५ मिमी. जाडीची असते. अमेरिकन पद्धतीत क्रम उलटा असून तेथील ८ क्रमांकाची सुई ५ मिमी. असते. परदेशी कृती वापरताना क्रमांकाऐवजी मिलिमीटर पाहणे श्रेयस्कर.

ओळींच्या प्रमाणाकडे पुष्कळदा दुर्लक्ष होते. अंगाची सरळ उंची पट्टीने मोजून साधता येते. परंतु मुंढा व बाही यांचे आकार ठरावीक ओळींनंतर टाके वाढवून वा घटवून घडत असल्याने तेथे ओळींची संख्याच निर्णायक असते. ३० ओळींच्या प्रमाणाने ४० सेंमी. लांब बाहीसाठी १२० ओळी लागतात. प्रत्यक्षात २६ ओळीच बसत असल्यास बाही ४६ सेंमी. होऊन बोटांवर येते. साध्या विणीत टाका उंचीपेक्षा रुंद असतो. म्हणून चौकोनी आलेखकागदावर काढलेले रंगीत फूल स्वेटरवर चेपलेले दिसते.

अचूक टाकेप्रमाण म्हणजे अचूक बेतणी नव्हे. सदऱ्यावरून घालावयाच्या स्वेटरचा घेर छातीच्या मापाहून सु. ५ ते १० सेंमी. अधिक ठेवतात, अंगाबरोबर बसणारा, सुलट-उलट पट्ट्यांचा स्वेटर मात्र मापाहून कमी ठेवला तरी ताणून बसतो. इंग्लंडमधील कोळ्यांच्या गर्न्सी स्वेटरांची वीण वाऱ्यापाण्यापासून रक्षण व्हावे म्हणून अतिशय घट्ट असे. अशा ताठर विणीत हात मोकळा हलावा यासाठी काखेत चौकोनी कळी विणीत आणि बाही खांद्याकडून मनगटाकडे विणीत. त्यामुळे झिजलेला कफ उसवून तेवढाच नव्याने विणता येई. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या व अमेरिकेत स्थायिक झालेल्या एलिझाबेथ झिमरमन (१९१०–९९) यांनी अंगाच्या एकूण टाक्यांच्या प्रमाणात मनगटाशी सु. एक पंचमांश व दंडाशी सु. एक तृतीयांश टाके घेण्याची पद्धती प्रचारात आणली. तीत छापील कृतीवाचूनही, केवळ आपल्या टाकेप्रमाणावरून, स्वेटर बेतता येतो.

धाग्याचा गुणधर्मही विचारात घ्यावा लागतो. लोकर ताणली तरी पूर्ववत होते. सुती धागा स्वतःच्या वजनाने लोंबतो व सहसा आखडत नाही. म्हणून सुती स्वेटरसाठी विणलेला तुकडा काही काळ टांगून ठेवून मगच मोजतात. ॲक्रिलिकच्या विणीस गरम इस्त्री लागल्यास तिचा लवचिकपणा कायमचा जातो. जुना स्वेटर उसवून काढलेली लोकर नागमोडी झालेली असते. तिची लडी करून, धुऊन व टांगून वाळविल्यावरच नमुन्याचा तुकडा विणतात, अन्यथा धागा पुढे पहिल्या धुण्यात सरळ होऊन टाक्यांचे माप बदलते.