तुपाची वाटी

"वय काय याचं?" काट्यावर उभ्या केलेल्या आमच्या भुऱ्याकडे बघत डॉक्टरांनी विचारलं.

"सहा," मी म्हटलं.

"दहाचा दिसतो," असं म्हणून त्यांनी वहीत आकडा टाकला, २९ किलो. मध्यम बांध्याचा गावठी कुत्रा, वीस-एकवीस किलो त्याला पुष्कळ झाले. माझी मान खाली गेली.

हा काटा भंगारवाल्याकडून त्या दिवसापुरता मागून आणलेला. आमच्या सातपूरच्या मैदानात महिन्यातल्या एका रविवारी वीस-पंचवीस माणसं आपापली कुत्री घेऊन जमतात. सगळी कुत्री रस्त्यावरून उचललेली. कुणी ट्रकखालून वाचलेलं, कुणी मालकाने बदलीच्या वेळी सोडून दिलेलं. संस्था नाही, पावतीपुस्तक नाही. लशीची चौकशी होते, एखाद्या पिल्लाला घर मिळतं, चहा होतो आणि वाद तर हमखास होतो. रस्त्यावरच्या कुत्र्यांना खायला कुठे घालायचं, हा कायमचा विषय. २०२३ च्या नियमांत त्यासाठी जागा ठरवायला सांगितलं आहे आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ठरल्या जागीच घाला, असं बजावलं. पण ती जागा कुणाच्या दारासमोर, यावर चहा गार होतो.

भुऱ्या एमआयडीसीतला. आमच्या कंपनीच्या गेटवर रात्रपाळीवाल्यांच्या डब्यांतलं उरलंसुरलं खाऊन वाढला. तिथे दहा डब्यांतलं खाऊनही तो सडपातळ होता, कारण रात्रभर ट्रकमागे धावायचा. मी निवृत्त झालो तेव्हा त्याला घरी आणलं. नसबंदी केली. त्यानंतर कुत्र्याची भूक तशीच राहते, किंबहुना वाढते, पण शरीराची गरज कमी होते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी काय झालं असतं म्हणा! घरी आई होती.

वडील गेल्यापासून आई बोलायची ती भुऱ्याशीच. सकाळच्या चहाबरोबर त्याची चार ग्लुकोजची बिस्किटं, दुपारी साय, शनिवारी तेल लावलेली पोळी. कुत्र्याने पोळी पळवली तर नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावले, ही गोष्ट लहानपणी तिनेच मला सांगितलेली. मुक्या जिवावर माया करायची म्हणजे त्याला खायला घालायचं, दुसरी रीत आपल्याला ठाऊकच नाही. गेटवरचा हाडकुळा कुत्रा आणि सोफ्यावरचा जाडा कुत्रा, दोघांपुढे आपण तीच वाटी धरतो.

डॉक्टरांनी हाताने ओळखायची एक खूण दाखवली. मूठ वळा आणि दुसऱ्या हाताचं बोट तिच्या उंचवट्यांवरून फिरवा. कुत्र्याच्या बरगड्या अशा लागल्या तर तो उपाशी. हात सरळ करून पंजाच्या पाठीवरून बोट फिरवा. तशा लागल्या तर ठीक. तळव्याच्या मांसल भागासारखं लागलं, तर चरबी. भुऱ्याच्या बरगड्या मला सापडल्याच नाहीत.

अमेरिकेत लॅब्रॅडॉरच्या ४८ पिल्लांवर आयुष्यभर केलेला एक प्रयोग २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. जोड्या लावून एकाला पोटभर आणि दुसऱ्याला त्याच्या पाऊणपट खाणं दिलं. पाऊणपटवाले सरासरी दोनेक वर्षं जास्त जगले, त्यांचे सांधेही उशिरा दुखू लागले. भुऱ्याला आमचे दोन जिने चढताना मधल्या वळणावर बसावं लागत होतं. दोन वर्षं म्हणजे काय, ते मला तिथे कळायचं.

जाता जाता नाशिककरांना न रुचणारी एक गोष्ट सांगतो. द्राक्षं आणि कांदा, आपली दोन्ही मानाची पिकं कुत्र्याला विषासारखी. द्राक्षाने मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, कांद्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. शेवभाजीचा रस्सा ओतलेला भातसुद्धा नको.

मी घरी येऊन बिस्किटांचा पुडा वरच्या फळीवर ठेवला. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आता माझ्या हातचं कुत्र्यालाही चालत नाही." यावर काय बोलणार? पुढच्या रविवारी तिला रिक्षाने मैदानात नेलं. तिथे रोज रस्त्यावरच्या कुत्र्यांना जेवण घालणाऱ्या एक बाई तिच्याजवळ बसल्या. म्हणाल्या, "आजी, त्याला मोजता येत नाही. एका बिस्किटाचे आठ तुकडे करा, त्याला आठ वेळा दिल्यासारखं वाटतं." आईला हे पटलं. लबाडी होती ना त्यात!

तेव्हापासून ती तुकडे करते. वरकड खाणं दिवसाच्या दहाव्या हिश्श्यात बसवायचं, जेवण मापून दोनदा आणि आठवड्याला वजनाच्या एक-दोन टक्क्यांहून जास्त उतरवायचं नाही, असा हिशेब ठरला. संध्याकाळी कोपऱ्यापर्यंत ती त्याच्याबरोबर जाते. दोघंही सावकाश.

पाच महिन्यांनी, परवाच्या रविवारी काटा २५ वर थांबला. अजून चार बाकी. आई बाकावर बसली होती. भुऱ्या तिच्या पायाशी येऊन टेकला. तिने वाकून त्याच्या कुशीवरून हात फिरवला, थांबली, पुन्हा फिरवला.

"अरे, ही बघ," ती मला हाक मारून म्हणाली, "एक लागली."