पेट्रोलचा भाव आणि शेतकऱ्याची गाडी

मोटारगाडी ही सावकाराची व वकिलाची चैन समजली जात असे तो काळ जाऊन पुष्कळ अवधि लोटला. पालघरपासून बोईसर-तारापूरपर्यंतच्या पट्ट्यांत आज बागायतदाराच्या दारीं मोटारसायकल तरी असतेच, आणि ज्याचा माल थोडा अधिक निघतो त्याच्या अंगणांत टेम्पो किंवा पिकअप उभा दिसतो. घोलवड-डहाणूचा चिकू, वाणगांवची मिरची, केळवे-माहीमचीं विड्याचीं पानें, हा सगळा माल नाशवंत. मुंबईच्या बाजारांत तो वेळेवर पोंचला तर त्यास मोल, एरव्हीं नाहीं. आणि मुंबई येथून सुमारें शंभर किलोमीटर. पूर्वीं गाडीला बैल जुंपले जात व त्यांचा चारा आपल्याच बांधावर उगवे. नव्या बैलाचा चारा मात्र पंपावर रोख विकत घ्यावा लागतो, आणि त्याचा भाव ठरवितांना आपणांस कोणी विचारीत नाहीं.

हा भाव कसा चढत गेला तें थोडक्यांत सांगतों. पेट्रोलच्या किंमतीवरील सरकारी नियंत्रण जून २०१० मध्यें उठलें, डिझेलवरील ऑक्टोबर २०१४ मध्यें. जून २०१७ पासून भाव रोजच्या रोज बदलूं लागले. मे २०२१ अखेर मुंबईंत पेट्रोलनें लिटरमागें शंभर रुपयांची मर्यादा ओलांडली आणि एप्रिल २०२२ मध्यें तें १२० रुपये ५१ पैशांवर जाऊन पोंचलें. पुढें केंद्र सरकारनें मे महिन्यांत अबकारी कर व राज्य सरकारनें जुलै महिन्यांत मूल्यवर्धित कर कमी केला, तेव्हां भाव खालीं आला. तरी २०२४ अखेरीसही तो १०३ रुपयांच्या वरच होता. देशास लागणाऱ्या खनिज तेलापैकीं पंचाऐंशी टक्क्यांहून अधिक तेल परदेशांतून येतें. त्यामुळें दूर कोठें युद्ध जुंपलें कीं त्याची झळ मनोरच्या नाक्यावर लागावी यांत नवल नाहीं.

शेतकऱ्यानें हा भाव रुपयांत न मोजतां भातांत मोजून पाहावा असें आम्हांस वाटतें. २०२१-२२ च्या हंगामांत साध्या भाताचा हमीभाव क्विंटलास १,९४० रुपये होता. म्हणजे एप्रिल २०२२ मध्यें एक क्विंटल भात देऊन सोळा लिटर पेट्रोल मिळे. २०२४-२५ च्या हंगामांत हमीभाव २,३०० रुपये झाला, तेव्हां बावीस लिटर मिळूं लागलें. हिशेब कागदावर सुधारला खरा. पण ज्यानें आपलें भात खळ्यावरच व्यापाऱ्यास घातलें त्यास हमीभावाचे आंकडे ऐकून समाधान मानण्यापलीकडे कांहीं उरत नाहीं.

पेट्रोलवांचून गाडी कशी चालवावी हा प्रश्न आपल्या भागास नवा नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत १९४१ सालीं पेट्रोलचें नियंत्रित वाटप सुरू झालें आणि अनेक मोटारी व मालगाड्या लोणारी कोळशाच्या वायूवर चालूं लागल्या. गाडीच्या मागें किंवा बाजूस एक उभी लोखंडी भट्टी बसवीत. तिच्यांत कोळसा अपुऱ्या हवेंत जळूं देत, व त्यांतून निघणारा वायु गाळून, थंड करून एंजिनांत सोडीत. त्यांत जळण्याजोगा मुख्य भाग कार्बन मोनॉक्साइडचा. निम्म्याहून अधिक भाग नुसता नायट्रोजन. साहजिकच एंजिनाची शक्ति तिसऱ्या हिश्शानें वा त्याहूनही अधिक घटे. सकाळीं भट्टी पेटवून वायु धरेपर्यंत चालकानें खोळंबून बसावें, चढावर उतारूंनीं खालीं उतरावें, आणि बंद खोलींत गाडी पेटविली तर जिवावर बेतावें, असा तो कारभार होता. ठाणें जिल्ह्याच्या जंगलांत कोळशाच्या भट्ट्या लावण्याचा धंदा जुना, व त्यांवर राबणारे हात बहुतेक कातकऱ्यांचे. एक लिटर पेट्रोलचें काम करण्यास किलो-सव्वा किलो कोळसा लागतो आणि मातीच्या भट्टींत एक किलो कोळशासाठीं चार-पांच किलो लांकूड जळतें. हा हिशेब ध्यानांत घेतला म्हणजे युद्ध संपतांच ती युक्ति मागें पडली हें बरेंच झालें असें म्हणावें लागतें. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांवर जें कांहीं उरलें आहे तेंही मोटारींच्या पोटांत गेलें असतें.

मद्यार्काची गोष्ट याहून लांबलेली आहे. उसाच्या मळीपासून काढलेला मद्यार्क पेट्रोलांत मिसळण्यासंबंधीं १९४८ सालींच देशांत स्वतंत्र कायदा झाला होता. पण ती गोष्ट मार्गी लागण्यास अर्धें शतक लोटावें लागलें. २००१ मध्यें मिरज व मनमाड येथें व उत्तर प्रदेशांत एके ठिकाणीं प्रयोग झाले. २००३ पासून महाराष्ट्रासह नऊ राज्यांत शेंकडा पांच मिश्रण सुरू करण्याचें ठरलें. जून २०२२ मध्यें प्रमाण दहावर गेलें आणि फेब्रुवारी २०२३ पासून वीस टक्के मिश्रणाचें पेट्रोल विक्रीस येऊं लागलें. २०२५ मध्यें देशाची सरासरी वीसपर्यंत पोंचली. मद्यार्काच्या एका लिटरांत पेट्रोलच्या सुमारें दोन-तृतीयांशच उष्णता असते. नीति आयोगाच्या २०२१ मधील अहवालांत असें म्हटलें आहे कीं, जुन्या धर्तीच्या चारचाकींत वीस टक्के मिश्रणानें इंधनाचा खप सहा ते सात टक्क्यांनीं व दुचाकींत तीन ते चार टक्क्यांनीं वाढूं शकतो; मिश्रणासाठींच घडविलेल्या गाडींत हा फरक एक-दोन टक्के. मग लिटरचा भाव तोच ठेवून ग्राहकाकडून पूर्ण दाम कां घ्यावेत, हा वाहनधारकांचा प्रश्न आम्हांस रास्त वाटतो. कोल्हापूर-अहिल्यानगरकडील ऊस उत्पादकास या धोरणानें पैसा मिळाला हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु पालघरचा शेतकरी ऊस पिकवीत नाहीं. तो केवळ गिऱ्हाईक. इतकेंच नव्हे, तर २०२४-२५ मध्यें मद्यार्काच्या कारखान्यांस सरकारी गोदामांतील तांदूळ क्विंटलास २,२५० रुपयांनीं देण्यांत आला. त्या वर्षीं भाताचा हमीभाव २,३०० रुपये होता. टरफलासकट भात महाग आणि सडलेला तांदूळ स्वस्त, हें गणित भात पिकविणाऱ्यानें एकवार मनाशीं घोळवून पाहावें.

येथें एक व्यवहाराची सूचना. मद्यार्क हवेंतील ओलावा शोषून घेतो, आणि कोंकणपट्टीची पावसाळी हवा किती दमट हें सांगावयास नको. फवारणीचे पंप, गवत कापण्याचीं यंत्रें, जुन्या मोटारसायकली हीं महिनोन्महिने पडून राहणार असतील तर टांकींतील पेट्रोल काढून, एंजिन बंद पडेपर्यंत चालवून मगच तीं ठेवावींत. नाहीं तर पाणी खालीं बसून टांकी गंजते, रबराच्या नळ्या फुगतात आणि हंगामाच्या तोंडावर कारागिराच्या दारीं बसावें लागतें.

आतां ज्या इंधनाकडे आपल्या तालुक्यांतील लोकांचे डोळे अधिक लागले आहेत त्या दाबलेल्या वायूविषयीं. ज्यास सर्वजण सीएनजी म्हणतात तो वायु म्हणजे मुख्यतः मिथेन. सुमारें दोनशे पट दाबानें तो पोलादी टांकींत भरतात. त्याचा कांहीं भाग आपल्याच समोरच्या समुद्रांतून, म्हणजे १९७४ मध्यें सांपडलेल्या बॉम्बे हायच्या क्षेत्रांतून, निघतो. मुंबईंत तो १९९५ च्या सुमारास मोटारींस मिळूं लागला. पालघर जिल्ह्यांत पुरवठा करणारी कंपनी निराळी असल्यानें मुंबईचा दर येथें लावतां येत नाहीं. वायु स्वस्त व स्थिर असतो अशी जी समजूत आहे ती मात्र तपासून घ्यावी. एप्रिल २०२२ मध्यें राज्यानें त्यावरील कर साडेतेरावरून तीन टक्क्यांवर आणिला, तेव्हां मुंबईंत किलोचा भाव साठ रुपये झाला; आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टांत तो शहाऐंशींवर होता. एप्रिल २०२३ पासून देशी वायूच्या किंमतीस नवें सूत्र व कमाल मर्यादा लागू झाली, त्यानें चढउतार कांहींसा आटोक्यांत आला.

गाडी वायूवर फिरवावी कीं नाहीं, याचें उत्तर गाडी रोज किती धांवते यावर आहे. उदाहरणादाखल पेट्रोल १०४ रुपये लिटर व गाडी लिटरास १५ किलोमीटर धरूं. म्हणजे किलोमीटरास ६ रुपये ९३ पैसे. वायु ८० रुपये किलो व किलोस २० किलोमीटर धरिलें तर ४ रुपये. बचत २ रुपये ९३ पैसे. टांकी व साहित्य बसविण्यास ६०,००० रुपये लागले असें मानलें तर ती रक्कम वसूल होण्यास सुमारें साडेवीस हजार किलोमीटर चालावें लागेल. रोज चाळीस किलोमीटर जाणाऱ्याची रक्कम सतरा महिन्यांत फिटेल; रोज दहाच किलोमीटर जाणाऱ्यास साडेपांच वर्षें लागतील, आणि तोंवर गाडीच म्हातारी होईल. यांतही पंप वाटेवर आहे असें आम्ही गृहीत धरिलें आहे. पंप पंधरा किलोमीटर आड असेल, तर टांकींतील दहा किलो वायूच्या दोनशे किलोमीटरांपैकीं तीस जाण्यायेण्यांतच जातील, उपयोगी किलोमीटराचा खर्च चार रुपये सत्तर पैसे होईल, आणि सतराचे बावीस महिने होतील. रांगेंत उभें राहण्याचा वेळ हिशेबांत धरलाच नाहीं. मालाच्या मोसमांत ज्याचा चिकू क्रेटांत पिकत पडला आहे त्यानें तो स्वतः धरावा. शिवाय टांकीमुळें मागची जागा जाते व वजन वाढतें. ज्यास गाडींत माल घालावयाचा आहे त्यानें ही जागा आधीं मोजून घ्यावी.

बदल करावयाचाच असेल तर तो मान्यताप्राप्त ठिकाणीं करून परिवहन कार्यालयांत त्याची नोंद अवश्य करावी. नोंदीवांचून विमा अडतो. टांकीची दाबाची चांचणी दर तीन वर्षांनीं करावी लागते. जुनी गाडी घेतांना या चांचणीची तारीख पाहिल्यावांचून व्यवहार करूं नये. स्वयंपाकाचा सिलिंडर मोटारीस जोडण्याचे प्रकार कोठें कोठें चालतात. तें कायद्यानें मना आहे, आणि मना नसतें तरी लेंकुरवाळ्या माणसानें तें करूं नये.

शेणापासून असाच वायु निघतो, मग विकत कां घ्यावा, असें आम्हांस पुष्कळ वाचक विचारितात. माटुंग्याच्या कुष्ठाश्रमांत १८९७ सालीं मैल्यापासून वायु काढून त्यावर दिवे लावीत असत, म्हणजे विद्या मुंबईच्या दारींचीच आहे. परंतु आंकडे पाहा. पंचवीस किलो ओल्या शेणापासून एक घनमीटर वायु. त्यांत मिथेन साठ टक्क्यांपर्यंत. तो शुद्ध केला तर चारशें ग्रॅमच्या आसपास इंधन. म्हणजे एक किलोस साठ किलोंहून अधिक शेण. दिवसास दहा किलो शेण देणारीं जनावरें धरलीं तर सहा जनावरांमागें एक किलो, आणि रोज चार किलो वायु खाणाऱ्या पिकअपला पंचवीस जनावरें बांधावीं लागतील. त्यावर शुद्धीकरणाचें व दाबण्याचें यंत्र निराळें. एकट्यादुकट्याचें हें काम नव्हे. चुलीपुरता गोबरगॅस मात्र आजही फायद्याचा आहे; सिलिंडर वांचतो व मळी खत म्हणून शेतांत जाते. केंद्र सरकारनें ऑक्टोबर २०१८ मध्यें सुरू केलेल्या सतत योजनेंत तेलकंपन्यांनीं असा शुद्ध केलेला वायु विकत घेण्याची सोय केली आहे. तिचा लाभ मोठ्या दूधसंघानें किंवा संस्थेनें घ्यावा. गोठा एकाचा नसून गांवाचा असेल तेव्हांच तो आंकडा जमतो.

करंजाच्या तेलाविषयीं दोन शब्द. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनांत भुईमुगाच्या तेलावर डिझेल एंजिन चालवून दाखविलें होतें, हें खरें. पण कच्चें तेल दाट असल्यानें इंजेक्टरांत राळ धरते. रासायनिक प्रक्रिया केल्यावांचून तें ट्रॅक्टरांत घालूं नये. दोन दशकांपूर्वीं मोगली एरंडाच्या लागवडीचा असाच बोभाटा झाला होता. ज्यांनीं माळ भरून झाडें लावलीं त्यांस ना बीं भरपूर मिळालें ना गिऱ्हाईक.

राहिली वीज. १९६९ पासून तारापूरला अणूपासून वीज निघते, आणि तिच्या सावलींत राहणाऱ्या माणसानें विजेवर गाडी चालवावी यांत एक औचित्य आहे, जरी पहिल्या पावसांत दिवे कोणाचे आधीं जातात हें आपण जाणतोंच. उमरोळीहून वा पालघरहून बोईसरच्या कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्या घरच्या मुलासाठीं विजेची दुचाकी आम्हांस सर्वांत किफायतशीर वाटते. एका युनिटांत ती तीस किलोमीटर सहज जाते, म्हणजे पालघर-बोईसर जाऊन येऊन एक युनिट पुरतें. मालाच्या गाडीचें तसें नाहीं. वाशीच्या बाजारास जाऊन येण्याचा पल्ला दोनशे किलोमीटरांच्या घरांत, भार पूर्ण, आणि रात्रीं निघून पहांटे पोंचण्याची निकड. वाटेंत तासभर विजेसाठीं थांबणें त्या धंद्यास परवडत नाहीं. चिलार फाट्यापर्यंत किंवा स्टेशनापर्यंत माल पोंचविणाऱ्या छोट्या तीनचाकीस मात्र ती साजते.

आणि विहिरीवरील पंपाच्या जोडणीवर रात्रीं गाडी लावून ठेवण्याचा मोह कोणीं धरूं नये. शेतीच्या दराची वीज दुसऱ्या कामास वापरणें हा २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ प्रमाणें अनधिकृत वापर होय, व त्याची आकारणी लागू दराच्या दुपटीनें होते. घरच्या मीटरवरूनच, वेगळी तार व चांगलें अर्थिंग घालून, गाडी भरावी.