आपणही गावे की नुसते ऐकावे?

वाशीम जिल्ह्यातल्या आसेगावला किंवा वऱ्हाडातल्या कोणत्याही गावी सप्ताहाच्या कीर्तनाला जाऊन बसा. बुवांनी अभंगाचे ध्रुपद म्हटले की टाळकरी ते उचलतात आणि मागोमाग सारा मंडप. तेथे गप्प बसणाऱ्याकडेच लोक नवलाने पाहतात. याउलट पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव घ्या. १९५३ साली सुरू झालेल्या या महोत्सवाला हजारो श्रोते येतात. पण गायकाबरोबर कोणी गुणगुणू लागला की शेजारचा वळून पाहतो. गाणे दोन्हीकडे आहे, मग वागण्याचे नियम निराळे का?

शाळेच्या स्नेहसंमेलनात हाच प्रश्न शिक्षकांपुढे येतो. मुले गाण्याला साथ करू लागतात आणि आपण ‘गप्प बसा’ म्हणतो. ते योग्य की अयोग्य हे ठरवण्यासाठी ध्वनिशास्त्राची थोडी मदत घेऊ.

शेजाऱ्याचा आवाज

समजा, मोकळ्या पटांगणात ध्वनिक्षेपकाशिवाय गाणे चालू आहे. गायक आपल्यापासून २० मीटरवर आहे आणि गुणगुणणारा शेजारी अर्ध्या मीटरवर. ध्वनीची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होते. गायक ४० पट दूर आहे, म्हणजे त्याच्या आवाजाची तीव्रता ४० × ४० = १६०० पटींनी घटते. गायकाच्या आवाजात जेवढी ऊर्जा आहे तिच्या सोळाशेव्या भागाइतकी ऊर्जा शेजाऱ्याने खर्च केली, तरी आपल्या कानाला दोघे सारखेच मोठे वाटतील!

सभागृहाच्या भिंती आणि ध्वनिक्षेपक यांमुळे हा फरक बराच कमी होतो, पण हळुवार आलापाच्या वेळी तो जाणवतोच. शिवाय गायकाचा स्वर २४० हर्ट्झचा आणि शेजाऱ्याचा २४३ हर्ट्झचा असेल, तर एकत्रित आवाज सेकंदाला तीन वेळा लहानमोठा होतो. स्वर असा थरथरू लागला की त्यातील बारकावे हरवतात. गुणगुणणाऱ्याला मात्र याचा पत्ता नसतो. त्याला स्वतःचाच आवाज अधिक ऐकू येतो.

मागची रांग मागे का पडते?

आता शाळेची प्रार्थना आठवा. पुढे पेटी वाजते आहे आणि शेवटची रांग ३४ मीटर मागे आहे. ध्वनीचा हवेतील वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असतो. म्हणून पेटीचा सूर शेवटच्या रांगेला ०.१ सेकंद उशिरा मिळतो. त्या मुलांचा आवाज पुढे यायला आणखी ०.१ सेकंद लागतो. गाण्याची लय मिनिटाला १२० मात्रांची असेल, तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. म्हणजे पुढे उभ्या असलेल्या गुरुजींना मागची मुले जवळजवळ पाऊण नव्हे, तरी दोन पंचमांश मात्रा मागे ऐकू येतात. मुले मात्र आपल्या कानाप्रमाणे अगदी वेळेवर गात असतात! या मुलांना रागावणे अन्यायाचे आहे. पुढचे जर त्यांच्यासाठी थांबू लागले, तर मागचे आणखी उशिरा गातात आणि साऱ्या गाण्याची लय ढिली होत जाते.

परंपरेने काढलेली तोड

ही अडचण आपल्या लोकसंगीताने फार सोप्या रीतीने सोडवली आहे. सर्वांनी एकाच वेळी गायचे नाही, आळीपाळीने गायचे. बुवा म्हणतात, मग मंडप म्हणतो. शाहिराची ओळ संपत आली की झीलकरी झील धरतात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी भजने विदर्भात गावोगावी गाइली जातात, तीही अशीच. एकाचे गाणे दुसऱ्यावर चढत नाही, आणि चाल ठरलेली असल्याने पुढे काय यायचे ते सर्वांना ठाऊक असते.

ख्यालात तसे नसते. पुढची स्वरावली गायक त्या क्षणी रचत असतो. जी अजून जन्मलीच नाही तिला साथ कोण करणार? म्हणून तेथे श्रोत्याचा वाटा दाद देण्याचा. जाणकाराची ‘वाहवा’ बहुधा समेवर येते, कारण तेथे एक तुकडा पुरा झालेला असतो आणि दादेखाली काही झाकले जात नाही.

पण मुळात माणसाला गावेसे का वाटते? स्वीडनमधील गोथेनबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली एकत्र गाणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके मोजले. सावकाश गाताना सर्वांचे श्वास एकाच वेळी घेतले जातात. श्वास घेताना ठोके वाढतात, सोडताना मंदावतात. त्यामुळे गाणाऱ्यांच्या ठोक्यांचा वेगही बरोबरीने चढतउतरत होता. तेव्हा मुलांची गाण्याची ओढ हा बेशिस्तपणा नव्हे.

करून पाहा

मैदानावर दहा मुले ५० मीटर दूर उभी करा. प्रथम त्यांनी डोळे मिटून तुमच्या टाळीच्या आवाजावर टाळ्या वाजवाव्यात. नंतर तुमच्या हाताकडे पाहून. पहिल्या वेळी ध्वनी जाऊन-येऊन १०० मीटर प्रवास करतो, म्हणजे ०.३ सेकंद. दुसऱ्या वेळी फक्त येतो, म्हणजे निम्मा वेळ. ऐकून टाळी देण्याच्या वेळी हा फरक स्पष्ट कळतो. मोठ्या समूहाला हात हलवून ताल देणारा माणूस का लागतो, हे मुलांना आपोआप उमगेल.

पुढच्या स्नेहसंमेलनात ‘गप्प बसा’ म्हणण्याऐवजी मुलांना तीन प्रश्न विचारायला शिकवा. चाल ठरलेली आहे का? गायकाने आपल्यासाठी जागा सोडली आहे का? माझ्या शेजाऱ्याला मंचावरचे ऐकू येते आहे ना? तिन्ही उत्तरे ‘होय’ असतील, तर त्यांना मोकळ्या गळ्याने गाऊ द्या.