महामार्गालगतच्या जमिनीचा झोन बदलतो तेव्हा



सहावीच्या नागरिकशास्त्रात ग्रामीण आणि नागरी स्थानिक शासन संस्थांवर पाठ आहेत. मुलं सरपंच, नगराध्यक्ष, ग्रामसभा हे शब्द पाठ करतात, पण सभेत नेमका वाद कशावरून होतो ते त्यांना कळत नाही. म्हणून आज एक नेहमीचा वाद समजून घेऊ. हायवेला लागून असलेली शेतीची किंवा निवासी जागा वाणिज्य विभागात घ्यायची का?

झोन म्हणजे काय?

शहराच्या विकास आराखड्यात कोणती जागा कशासाठी वापरायची हे ठरलेलं असतं. निवासी, वाणिज्य, औद्योगिक, शेती असे विभाग असतात. शिवाय शाळा, बाग, दवाखाना यांसाठी आरक्षणं असतात. हे सगळं महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे चालतं. मंजूर आराखड्यात किरकोळ फेरबदल करायचा असेल तर कलम ३७ लागू होतं. आधी सभागृहात ठराव होतो. मग राजपत्रात सूचना निघते आणि लोकांना हरकती व सूचना देण्यासाठी एक महिना मिळतो. त्यावर सुनावणी होते आणि शेवटी राज्य शासन मंजुरी देतं. म्हणजे नगरसेवकांनी हात वर केले आणि झोन बदलला, असं होत नाही. ग्रामपंचायतीला तर स्वतः झोन बदलण्याचा अधिकारच नाही. पण ग्रामसभेत हा विषय काढून गावाचं म्हणणं ठरावाने वर पाठवता येतं.

दोन्ही बाजू ऐका

बाजूने बोलणारे म्हणतात, हॉटेल, शोरूम, गोदाम आलं की पोरांना इथंच काम मिळेल, मालमत्ता कर वाढेल, शेतकऱ्याच्या जमिनीला भाव येईल. हे खोटं नाही. विरोध करणारे म्हणतात, ट्रक रस्त्यावरच उभे राहतील, गावातल्या छोट्या दुकानदाराचं गिऱ्हाईक तुटेल, आणि शाळेच्या वाटेवर गाड्यांची रांग लागेल. हेही खोटं नाही. मुलांना शिकवताना एका बाजूला चांगलं आणि दुसऱ्या बाजूला वाईट ठरवून टाकू नये.

परवानग्या दोन, कार्यालयं दोन

खरा घोळ इथं आहे. झोन बदलला म्हणजे हायवेवर गेट उघडायची परवानगी मिळाली, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. राष्ट्रीय महामार्गासाठी २००२ चा वेगळा केंद्रीय कायदा आहे. महामार्ग प्रशासनाच्या परवानगीशिवाय कुणालाही वाहन घेऊन महामार्गावर उतरण्याचा हक्क नाही, असं तो सांगतो. राज्य महामार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम विभागाकडे जावं लागतं. जमिनीचा वापर एक कार्यालय बघतं आणि रस्त्याची जोडणी दुसरं. सभेत चर्चा पहिल्याची होते आणि अपघात दुसऱ्यामुळे होतात. सर्व्हिस रोड नसला की लोक जवळचा मार्ग शोधतात, उलट्या दिशेने गाडी घालतात, नाहीतर दुभाजक फोडून वाट करतात.

रस्ता शहरात शिरतो तेव्हा काय होतं, हे पुण्यात दिसतं. कात्रज–देहूरोड बाह्यवळण लांबची वाहतूक शहराबाहेरून जावी म्हणून केलं. पुढे वारजे, बावधन, वाकड भागात वस्ती वाढत गेली आणि बाहेरचा रस्ता शहराच्या पोटात आला. चांदणी चौकात कोथरूड, बावधन, मुळशीकडची रोजची वाहतूक आणि मुंबई–बंगळुरूची वाहतूक एकत्र अडकू लागली. शेवटी २ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे जुना पूल स्फोटकांनी पाडावा लागला. नव्या उड्डाणपुलांचं उद्घाटन १२ ऑगस्ट २०२३ ला झालं. एवढा खर्च आणि हाल नंतर सोसण्यापेक्षा जोडरस्त्याचा विचार आधी केलेला बरा.

पालकांनी त्या महिन्यात काय विचारावं?

हरकत देण्यासाठी वकील लागत नाही. साध्या कागदावर मुद्दे लिहून मुदतीत द्यावेत आणि पोहोच घ्यावी. मुद्दे असे असू शकतात:

१. गाड्या हायवेवरून थेट आत येणार की सर्व्हिस रोडने?
२. पार्किंग आणि माल उतरवण्याची जागा आवारातच आहे का?
३. शाळा एका बाजूला आणि वस्ती दुसऱ्या बाजूला असेल, तर मुलं रस्ता कुठून ओलांडणार? भुयारी मार्ग की पादचारी पूल?
४. महामार्ग विभागाचं मत मागवलं आहे का?

"आमचा विरोध आहे" एवढंच लिहिलेल्या हरकतीपेक्षा "शाळा सुटताना मुलं या ठिकाणी रस्ता ओलांडतात" हे लिहिलेली हरकत सुनावणीत टिकते. तिथं मुलांच्या वतीने बोलणारं दुसरं कुणी नसतं.

वर्गासाठी उपक्रम

वर्गात एक सभा भरवा. शेतकरी, व्यापारी, छोटा दुकानदार, ट्रकचालक, पालक, शाळेतली मुलगी आणि अधिकारी अशा भूमिका द्या. फळ्यावर रस्ता, शाळा आणि वस्ती काढा. प्रत्येकाला दोन मिनिटं बोलू द्या आणि मगच मत घ्या. दुसऱ्या फेरीत भूमिका बदला. काल विरोध करणारा आज शेतकरी होतो तेव्हा त्याला समोरच्याची अडचण कळते. शेवटी सगळ्यांनी मिळून अटींसह एक ठराव लिहावा. सभेत नुसतं "हो" किंवा "नाही" म्हणायचं नसतं, "या अटीवर" असंही म्हणता येतं, हे मुलांना त्यातून समजेल.