सिस्टरची नजर कशी तयार होते?



सिन्नर तालुक्यातल्या आपल्या बचत गटांतून मुलींच्या शिक्षणासाठी कर्ज मागितलं जातं, तेव्हा नर्सिंगची फी हे कारण वरचेवर ऐकू येतं. एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन वर्षांचं, बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं. मग बैठकीत कोणीतरी म्हणतंच, "एवढा पैसा घालून पोरगी करणार काय, तर सुया टोचणार आणि गोळ्या वाटणार!" आज आपण याच समजुतीबद्दल बोलू या. कारण सिस्टरचं खरं काम सुईत नसतं, ते नजरेत असतं. आणि ती नजर कशी तयार होते हे आपल्याला कळलं, तर आपल्या मुलींचाही फायदा आहे आणि आपल्या घरातल्या आजारी माणसाचाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, एक बाई नुकतीच बाळंत झाली आहे. तिचं बीपी ११० वर ७०, म्हणजे ठीक. नाडी आधी ८४ होती, थोड्या वेळाने ९८ झाली, मग ११४. बीपी मात्र अजून तेवढंच. नवीन सिस्टर बीपीचा आकडा लिहिते आणि पुढच्या खाटेकडे जाते. मुरलेली सिस्टर तिथेच थांबते. नाडी का वाढते आहे? बाई अस्वस्थ का दिसते आहे? ओठ पांढरे का पडलेत? ती चादर वर करून रक्तस्राव बघते, पोटावर हात ठेवून गर्भाशय कडक आहे की मऊ पडलंय ते तपासते आणि लगेच डॉक्टरांना बोलावते.

असं का? रक्त जायला लागलं की शरीर आधी भरपाई करतं. हृदय जोरात धावतं, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, त्यामुळे बीपी बराच वेळ टिकून राहतं. ते खाली येतं तेव्हा पुष्कळ रक्त गेलेलं असतं. म्हणून एकेक आकडा सुटा पाहून चालत नाही, आकडे कुठल्या दिशेने चाललेत ते पाहावं लागतं. डॉक्टर राउंडला येतात आणि जातात. पेशंटजवळ पाळीभर असते ती सिस्टर. बदल पहिल्यांदा तिलाच दिसू शकतो.

ही नजर काही जन्मजात देणगी नाही. आपल्या सिन्नरमध्ये विड्या वळणाऱ्या बायका घरोघरी आहेत. पहिल्या महिन्यात पान किती कापायचं, तंबाखू किती भरायची, हे मनात घोकावं लागतं, तरी विडी सैल होते. काही वर्षांनी तीच बाई गप्पा मारत विड्या वळते आणि तंबाखू ओलसर असेल तर बोटांनाच कळतं. नर्सिंगचंही तसंच आहे.

पॅट्रिशिया बेनर या अमेरिकन परिचारिकेने १९८४ मध्ये यावर एक पुस्तक लिहिलं. शिकाऊ परिचारिका तज्ज्ञ कशी होते, याच्या तिने पाच पायऱ्या सांगितल्या. पहिली पायरी नवशिकीची: तिच्या हातात फक्त नियम असतात. दुसरी थोड्या सरावाची: काही प्रसंग पाहिलेले असतात, ओळखीच्या खुणा दिसू लागतात. तिसरी पायरी, एकाच प्रकारच्या कामात दोन-तीन वर्षं गेल्यावरची: आधी काय करायचं, नंतर काय, हे ती स्वतः ठरवू शकते. चौथ्या पायरीवर तिला पेशंटचं पूर्ण चित्र दिसतं आणि त्यातलं काय खटकतंय तेही कळतं. पाचवी पायरी तज्ज्ञाची: प्रत्येक नियम आठवत बसावं लागत नाही, नेमकं दुखणं कुठे आहे तिकडेच लक्ष जातं.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवू. बेनर यांच्या मते नुसती वर्षं भरली म्हणजे अनुभव झाला, असं नाही. समोरच्या पेशंटने आपली समजूत बदलली, तर तो अनुभव. दहा वर्षं डोळे मिटून तेच काम केलं, तर ते पहिलंच वर्ष दहा वेळा झालं.

आता आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण पाहू. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. त्यांचं शिक्षण पाचवी ते दहावीपर्यंतचं. काम मात्र अवघड: घरी जाऊन नवजात बाळ तपासायचं आणि जंतुसंसर्ग झालाय का ते ओळखायचं. भल्याभल्यांना चकवणारा हा आजार, कारण एवढ्याशा बाळाला धड ताप येईलच असंही नाही.

मग त्यांना काय शिकवलं? बदल ओळखायला शिकवलं. काल जोरात रडणारं बाळ आज क्षीण रडतंय का? दूध ओढणं कमी झालं का? अंग लुळं पडलं का? गार लागतंय किंवा तापलंय का? पोट फुगलंय का? छाती आत ओढली जाते का? श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त आहे का? एकाच वेळी दोन किंवा जास्त खुणा दिसल्या, की जंतुसंसर्ग समजायचा आणि थांबायचं नाही. काल बाळ कसं होतं हे माहीत असेल तरच आजचा बदल कळतो, म्हणून पुन्हा पुन्हा घरी जायचं. श्वास मोजणं ज्या दाईंना जमत नव्हतं, त्यांच्यासाठी तर संस्थेने मणी आणि एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ असलेलं साधन केलं: दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा.

आणि त्यांना एकटं सोडलं नाही. दर पंधरा दिवसांनी डॉक्टर गावात येऊन त्यांच्या नोंदी तपासत, चुकलेलं दुरुस्त करत. ३९ गावांत हे काम झालं. ज्या ४७ गावांत ही सेवा नव्हती, त्यांच्याशी तुलना करता तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय साप्ताहिकात हे छापून आलं. पुढे २०११ मध्ये देशभर आशाताईंकडे नवजात बाळांच्या गृहभेटींचं काम आलं. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल, तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताई येतात, त्यामागे हा इतिहास आहे. "बाळ बरंय, नका तपासू" असं म्हणून त्यांना दारातून परत पाठवू नका.

यातून नजर तयार व्हायला काय लागतं ते स्पष्ट दिसतं. एक, त्याच प्रकारचे पेशंट पुन्हा पुन्हा पाहायला मिळणं. दोन, चुकलं तर सांगणारं आणि विचारलं तर न हसणारं वरिष्ठ माणूस. तीन, पेशंटचं पुढे काय झालं ते कळणं. आपला अंदाज बरोबर होता की नाही हे कळलंच नाही, तर शिकणार कशावरून? आणि चार, मोजणं आणि लिहिणं. अनुभवी मनालाही चकवा बसतो. "मला वाटतं" एवढ्यावर थांबू नये, घड्याळ लावून पूर्ण मिनिट श्वास मोजावा, जास्त भरला तर बाळ शांत असताना पुन्हा मोजावा.

म्हणून नोकरीला लागलेल्या आपल्या मुलींना आमचं सांगणं आहे. शे-दोनशे रुपये जास्त मिळतात म्हणून दर सहा महिन्यांनी दवाखाना बदलू नका, पहिली दोन-तीन वर्षं शिकायला मिळेल तिथे काढा. रोज पाळी संपल्यावर वहीत दोन ओळी लिहा: आज काय दिसलं, मला काय वाटलं, पुढे काय झालं. पेशंटचं नाव त्यात लिहू नका. डॉक्टरांना फोन करताना नुसतं "पेशंट बरा वाटत नाही" म्हणू नका. पेशंट कोण, आत्ता काय झालंय, आधी काय होतं, मला कशाची शंका येते आणि तुम्ही काय करावं, हे क्रमाने सांगा. उशीर टळतो आणि तुमच्या शब्दाला वजन येतं.

घरच्यांनीही तिची रात्रपाळी ओझं समजू नये. रात्रपाळी करून आलेल्या मुलीला किंवा सुनेला आधी झोपू द्या. पेंगुळलेल्या डोळ्यांना बदल दिसत नाही.

आणि आपण पेशंटजवळ बसतो तेव्हा? आपल्या माणसाचं रोजचं वागणं सिस्टरला माहीत नसतं, आपल्याला असतं. "सिस्टर, सासूबाई सकाळपर्यंत नीट बोलत होत्या, दुपारपासून असंबद्ध बोलतायत," असं वेळ धरून सांगा. ही माहिती कुठल्याच मशीनवर दिसत नाही. घरी बाळात वरच्या खुणा दिसल्या, तर उद्याची वाट पाहू नका. आशाताईंना कळवा, १०८ ला फोन करा, दवाखाना गाठा.

पुढच्या बैठकीत नर्सिंगच्या फीसाठी कोणाचा कर्जाचा अर्ज आला, तर सुयांचा हिशेब करू नका. उद्या आपल्याच लेकीच्या बाळंतपणात चादर वर करून बघणारी सिस्टर कोणाच्या तरी गटाच्या कर्जातूनच शिकलेली असेल.