भूमी कोणाची? सनद, नकाशा आणि वहिवाट

जुन्या रत्नागिरी जिल्ह्याचा नकाशा ज्यांनी शाळेत काढला असेल त्यांना आठवेल की, उत्तरेस बाणकोटची खाडी आणि दक्षिणेस तेरेखोलची खाडी, या दोन पाण्यांच्या मध्ये आपला जिल्हा बसविलेला असे. १९८१ साली सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला आणि ती दक्षिणेची हद्द आपल्याकडून गेली. परंतु १९६१ च्या डिसेंबरपर्यंत ती हद्द केवळ जिल्ह्याची नव्हती, देशाची होती. आणि तीही खाडीच्या पाण्यावर नव्हती. रेडीहून किनाऱ्याने दक्षिणेस चालत गेले म्हणजे खाडी लागण्यापूर्वीच परदेश लागे. खाडीच्या अलीकडे, आपल्या बाजूच्या टेकडीवर तेरेखोलचा किल्ला आहे. तो सावंतवाडीकरांनी बांधला आणि १७४६ साली पोर्तुगीजांनी घेतला. तेव्हापासून किल्ला व त्याच्या पायथ्याची वस्ती एवढा तुकडा गोव्याचा. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड आफोन्सो आणि त्यांचे सोबती यांनी या किल्ल्यावर तिरंगा लावला. थोड्याच अवधीत त्यांना पकडून नेण्यात आले. गोवा स्वतंत्र होऊन आता साठांहून अधिक वर्षे झाली, तरी तेरेखोल आजही गोव्याच्या पेडणे तालुक्यातच आहे, आणि गोव्याचा माणूस तेथे जावयाचा तर केरीहून फेरीबोटीने खाडी ओलांडून येतो.

एका गृहस्थांनी आम्हाला विचारले होते, ‘‘नदी मध्ये असता सीमा नदीच्या पलीकडे का? हे निसर्गाच्या विरुद्ध नव्हे काय?’’ प्रश्न साधा आहे, पण जगातील निम्मे सीमातंटे त्यातच आहेत. निसर्ग सीमा आखीत नाही. नदी, डोंगर, बेट ही माणसाने मागाहून धरलेली निमित्ते होत. एखादी भूमी अमक्या राष्ट्राची, असे म्हणण्याला आधार कोणता लागतो हे आधी पाहू.

सर्वांत जुना दावा ‘‘आम्ही ती प्रथम पाहिली’’ हा. तो आता फारसा चालत नाही. फिलिपाइन्सच्या दक्षिणेस पाल्मास नावाचे एक लहानसे बेट आहे. स्पेनने ते शोधले, स्पेनकडून फिलिपाइन्सबरोबर ते आपल्याला मिळाले, असे अमेरिकेचे म्हणणे. उलट डच म्हणत की तेथील कारभार आम्ही कधीपासून पाहत आलो आहोत. माक्स ह्यूबर या स्विस न्यायपंडितांनी १९२८ साली निवाडा दिला तो डचांच्या बाजूने. नुसते पाहणे पुरत नाही. सत्ता शांतपणे व अखंड चालविलेली दिसली पाहिजे, असे त्यांनी सांगितले. इंग्लंड व फ्रान्स यांच्यामधील समुद्रात मिंकिए व एक्रेहो नावाचे खडक आहेत. त्यांवरून ही दोन थोर राष्ट्रे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेली. दोघांनीही मध्ययुगातील राजांच्या सनदा आणल्या. न्यायालयाने १९५३ च्या निकालात त्या थोड्याशा बाजूला सारल्या आणि विचारले काय, तर तेथे कर कोण घेतो, होड्यांची नोंद कोठे होते, किनाऱ्याला प्रेत लागले तर पंचनामा कोण करतो? हे सारे जर्सी बेटाचे अधिकारी करीत होते. खडक इंग्लंडकडे राहिले. आपल्याकडे गावातला शेतकरी भावकीच्या वादात सात-बाराचा उतारा व पीकपाण्याची नोंद पुढे करतो. राष्ट्रांच्या वादातही अखेर तलाठ्याचे दप्तर उघडावे लागते असे म्हटले तर वावगे होणार नाही.

याला अपवाद नाहीत असे नव्हे. पॅसिफिक महासागरात क्लिपर्टन नावाचे एक ओसाड बेट आहे. १८५८ साली एका फ्रेंच आरमारी अधिकाऱ्याने व्यापारी जहाजावरूनच ते फ्रान्सचे झाल्याची घोषणा केली, आणि ती होनोलुलूच्या एका वृत्तपत्रात छापविली. पुढे मेक्सिकोने हक्क सांगितला. इटलीच्या राजाला पंच नेमले. त्याने सवडीने, म्हणजे सुमारे वीस वर्षांनी, १९३१ साली फ्रान्सच्या बाजूने निवाडा दिला. जेथे माणूसच नाही तेथे एवढी वहिवाट पुरे झाली.

आता आपल्या घरचे प्रकरण घेऊ. हेगच्या न्यायालयात एक खटला असा चालला की त्यात पेशव्यांच्या दप्तरातील शब्दांवर काथ्याकूट झाला. दादरा आणि नगरहवेलीचा हा खटला.

१७७९ साली मराठे आणि इंग्रज यांचे युद्ध चालू होते. वडगावची लढाई त्याच वर्षी जानेवारीत झालेली. गादीवर सवाई माधवराव, वय अवघे पाच. कारभार नाना फडणविसांच्या हाती. पश्चिम किनाऱ्यावर पोर्तुगीज इंग्रजांना मिळू नयेत, ही पुणे दरबाराची निकड होती. त्या वर्षीच्या १७ डिसेंबरला पुण्यास पोर्तुगीजांशी तह झाला. त्यात स्नेहाखातर दमणच्या बाजूची बारा हजार रुपये वसुलाची गावे त्यांना देण्याचे ठरले. प्रत्यक्ष गावे मिळाली ती १७८३ व १७८५ च्या सनदांनी. एकंदर बहात्तर गावे, दमणच्या किनाऱ्यापासून आत, आणि मध्ये मराठ्यांचा मुलूख.

१८१८ साली पेशवाई बुडाली, मधला मुलूख इंग्रजांचा झाला. १९४७ साली तो भारताचा झाला. पोर्तुगीज मात्र दमणहून या गावांत ये-जा करीतच राहिले. १९५४ च्या जुलैत दादऱ्यातील सत्ता स्वयंसेवकांनी उलथली. पाठोपाठ २ ऑगस्टला सिल्व्हासा मोकळे झाले. या मुक्तिकार्यात आझाद गोमंतक दल, गोवेकरांची संयुक्त आघाडी, राष्ट्रीय स्वयंसेवक संघ अशा निरनिराळ्या रंगांची माणसे होती. संगीतकार सुधीर फडकेही त्यांत होते. भारत सरकारने पोर्तुगीज सैन्याला दमणहून मधल्या भारतीय भूमीतून जाऊ दिले नाही. पोर्तुगालने वाट पाहिली. १४ डिसेंबर १९५५ ला त्याला संयुक्त राष्ट्रसंघात प्रवेश मिळाला, १९ तारखेला त्याने न्यायालयाचे अधिकारक्षेत्र मान्य केल्याचे पत्र दिले, आणि २२ तारखेला भारतावर दावा लावला. आठ दिवसांत एवढी तत्परता!

पोर्तुगालचे म्हणणे असे : पेशव्यांनी आम्हाला ही गावे सार्वभौम हक्काने दिली, तेव्हा तेथे जाण्यायेण्याचा, सैन्य नेण्याचाही, आम्हाला हक्क आहे. भारताच्या बाजूने महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड उभे होते, आणि न्यायपीठावर भारताने नेमलेले न्यायमूर्ती होते महंमद करीम छागला. भारताने दाखवून दिले की दिला तो जहागिरीचा, सरंजामाचा हक्क होय, म्हणजे वसुलाचा. सरंजाम म्हणजे काय हे आपणाला सांगावयास नको. सरदाराने फौज बाळगावी म्हणून त्याला गावे लावून देत. वसूल त्याचा, पण गाव राज्याचे, आणि दरबारची मर्जी फिरली तर सरंजाम जप्त. जेव्हा मराठ्यांना भूमी कायमची तोडून द्यावयाची असे तेव्हा ते तसे स्पष्ट शब्दांनी लिहीत. त्याचे दाखले दुसऱ्या तहांतून न्यायालयापुढे ठेवले गेले. शिवाय गावांत बंड झाल्यास ते मोडण्याचा अधिकार पोर्तुगीजांना तहाने वेगळा द्यावा लागला होता. जो धनी आहे त्याला असा अधिकार वेगळा कशाला द्यावा लागेल?

१२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. तह खरा, सनदा खऱ्या, परंतु मराठ्यांनी दिला तो वसूल. सार्वभौमत्व नव्हे, असे न्यायालयाने मानले. येथे पुण्याच्या कारकुनाची लेखणी जिंकली. मात्र निकाल येथेच थांबत नाही, आणि या पुढचा भाग आपल्याकडे फारसा कोणी सांगत नाही. न्यायालयाने असेही म्हटले की, मराठ्यांच्या मागून आलेल्या इंग्रजांनी या गावांवर पोर्तुगीजांचीच सत्ता आहे असे धरून शतकभर व्यवहार केला. त्यामुळे सत्ता मूळ कागदाने नाही तरी पुढच्या वहिवाटीने पोर्तुगीजांची झाली. म्हणून खाजगी माणसे, मुलकी अधिकारी व सामान्य माल यांना १९५४ साली वाटेचा हक्क होता. सैन्य, सशस्त्र पोलीस व दारूगोळा यांना तो नव्हता. कारण १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारापासून त्यांना दर खेपेस परवानगी मागावी लागे, आणि जे मागून मिळते तो हक्क नव्हे. हा शेवटचा मुद्दा आठ विरुद्ध सात मतांनी ठरला. दादऱ्यातील उठावानंतरच्या तंग परिस्थितीत भारताने वाट बंद केली यात कराराचा भंग झाला नाही, हे नऊ विरुद्ध सहा मतांनी. आपण खटला जिंकला असे आपण म्हणतो. आमच्या मते जिंकला तो जेमतेम. एका न्यायाधीशाचे मत फिरते, तर दमणहून सिल्व्हाशाला फौज नेण्याचा पोर्तुगालचा हक्क कायद्याने उभा राहता.

या साऱ्या हजारो पानांत त्या बहात्तर गावांतील वारली, कोकणा, धोडिया माणसांना काय वाटते हा प्रश्न कोणीच विचारला नाही. तो न्यायालयापुढचा प्रश्नच नव्हता हे खरे. १७८३ साली तर तो कोणाच्या स्वप्नातही आला नसता. १९५४ पासून सात वर्षे या गावांचा कारभार तेथील वरिष्ठ पंचायतीने चालविला, तो ना पोर्तुगालचा ना भारताचा. १९६१ साली पंचायतीने भारतात सामील होण्याचे ठरविले. करारावर सही करण्यास त्या प्रदेशाचा प्रमुख पाहिजे म्हणून बदलानी नावाच्या भारतीय सनदी अधिकाऱ्याला एक दिवसाचे पंतप्रधान करण्यात आले, आणि त्यांनी व नेहरूंनी सह्या केल्या. पोर्तुगालने हे सारे मान्य केले ते १९७४ च्या ३१ डिसेंबरला, स्वतः तेथील हुकूमशाही कोसळल्यावर.

कारवारसमोरच्या अंजदीव बेटाची हकीकत निराळी आहे. १४९८ साली वास्को द गामा तेथे थांबला, १५०५ साली आल्मेदाने कोट बांधला, तो लवकरच पाडलाही. या बेटावर कागदाच्या संदिग्धतेपायी इंग्रजांची माणसे हकनाक मेली. १६६१ च्या विवाहकरारात पोर्तुगालने मुंबई इंग्लंडच्या राजाला दिली; परंतु मुंबई म्हणजे नुसते बेट की साष्टीसह सारे, हे नीट ठरले नव्हते. स्थानिक पोर्तुगीज अधिकारी ताबा देईनात. तेव्हा एब्राहम शिपमन आपले शिपाई घेऊन अंजदीववर थांबला. रोगाने शेकडो मेले. १६६४ साली शिपमनही तेथेच मेला. १९६१ च्या नोव्हेंबरात याच बेटावरून ‘साबरमती’ या आगबोटीवर गोळीबार झाला आणि त्याच सुमारास एक कोळीही मारला गेला. गोव्याच्या कारवाईला हे एक निमित्त झाले. १८ डिसेंबरला आपले नौसैनिक बेटावर उतरले. पांढरे निशाण दाखवूनही गोळीबार झाला आणि सात जण कामी आले. बेट किनाऱ्याने कर्नाटकाच्या जवळ, पण दप्तरी गोव्याचे. तेरेखोलचाच हा दुसरा नमुना.

अशा उजाड खडकांसाठी राष्ट्रे हट्टाला का पेटतात, याचे कारण आता पूर्वीचे राहिलेले नाही. १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारानुसार किनाऱ्यापासून बारा सागरी मैल समुद्र राष्ट्राचा, आणि दोनशे मैलांपर्यंतची मासळी व तळाखालचे तेल यांवर त्याचा हक्क. वस्ती होण्याजोगे बेट असेल तर त्यालाही हे दोनशे मैल मिळतात. नुसत्या खडकाला मिळत नाहीत. म्हणून जो तो आपल्या खडकाला बेट म्हणतो.

आणि रेघ पाण्यात असली म्हणजे तिची झळ प्रथम लागते ती मच्छीमाराला. कच्छच्या रणाचा वाद १९६८ च्या निवाड्याने मिटला; पाकिस्तानला मागितलेल्यापैकी सुमारे दशांश मुलूख मिळाला. परंतु त्याच टोकाची सर खाडी, लांबी सुमारे ९६ किलोमीटर, तशीच राहिली. तिचा वाद मुंबई सरकारच्या १९१४ च्या एका ठरावावरून आहे. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता. कच्छचे राव आणि सिंधचे कमिशनर यांच्यातील तंटा मुंबईने मिटविला आणि नकाशावर हिरवी रेघ ओढली, ती खाडीच्या पूर्व काठाने. पाकिस्तान ती रेघ दाखवितो. भारत ठरावातील मजकूर दाखवितो : जेथून गलबते जातात त्या प्रवाहाचा मध्य ती सीमा. येथेही प्रवाह दर पावसाळ्यात सरकतो, तेव्हा मध्यही सरकतो. भारत-पाकिस्तानच्या अनेक बैठका झाल्या, १९९९ साली या भागात विमान पाडले गेले, तरी खाडी अद्याप वाटली गेलेली नाही. गुजरातच्या होड्यांवर पालघरकडचे खलाशीही असतात. होडी रेघेपलीकडे गेली असे पाकिस्तानी पहारेकऱ्यांना वाटले की होडी जप्त आणि माणसे कराचीच्या तुरुंगात. घरची माणसे मग कलेक्टर कचेरीत खेटे घालतात, आणि तेथे त्यांना पहिला प्रश्न विचारला जातो तो होडी नेमकी कोठे होती हाच.