जुन्या अमेरिकी मोटारीला मोठे इंजिन. ‘व्हिंटेज’ दर्जा जाण्याची भीती

पनवेल - स्वातंत्र्यानंतर कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कारखान्यात क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने डॉज, प्लायमाउथ, डिसोटो या मोटारींची जुळणी होत असे. अशा मोटारीतील सहा सिलिंडरचे इंजिन काढून तेथे ‘व्ही-८’ इंजिन बसविण्याचा मोह हौशी मालकांना होतो. मात्र काम इंजिनापाशी थांबत नाही. वाढलेल्या वजनासाठी पुढच्या स्प्रिंगा, उष्णतेसाठी रेडिएटर आणि ताकदीसाठी गिअरबॉक्स व डिफरन्शियल बदलावे लागतात. जुने ड्रम ब्रेकही अपुरे पडतात.

कायद्याची अडचण त्याहून मोठी आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदल करता येत नाहीत. जुलै २०२१ मध्ये अधिसूचित नियमांन्वये ५० वर्षांहून जुन्या खासगी मोटारीस २० हजार रुपये शुल्क भरून ‘व्हीए’ मालिकेतील क्रमांक मिळतो. पण चासी, सांगाडा वा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा, ही अट आहे. त्यामुळे ‘एमएच ४६’ क्षेत्रातील पनवेलकर मालकांनी जुने इंजिन उतरविण्यापूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करणे हिताचे. मूळ इंजिनाची दुरुस्ती वेळखाऊ असली, तरी मोटारीचा दर्जा तीच राखते.